मदत हवी आहे: पाऱ्यासाठी कुठली टेस्ट करतात?

सायन्सची_बाई: जरा पटकन सांगा प्लीज. शाळेत सायन्स शिकवते, लॅबमध्ये पारा आहे. हात थरथरतायत, फळ्यावर आकृती काढताना रेघ वाकडी येते, झोप नाही, उगाच चिडचिड. डॉक्टर म्हणतात टेन्शन आहे, बी-१२ घ्या. टेस्ट कुठली करू? दादर-परळकडे असेल तर बरं.

भांडुपकर: पारा बाटलीत आहे का सांडलाय? कधी? किती?

सायन्सची_बाई: अहो सांडलाय म्हणूनच विचारतेय ना. जूनमध्ये बॅरोमीटरची नळी फुटली, शिपाईमामांनी झाडूने गोळा केला.

निवृत्त_मास्तर: आम्ही तळहातावर घेऊन खेळायचो, तांब्याचा पैसा त्याने चोळला की रुपेरी व्हायचा. काही झालं नाही. हल्ली सगळ्याचीच भीती.

तिरसट: सर, कातडीतून तो फारसा जात नाही, वाफ श्वासातून जाते, आणि तिला ना रंग ना वास. ताई, झाडूने त्याचे बारीक बारीक थेंब होतात, फटीत बसतात, मग महिनोन्‌महिने वाफ येत राहते. व्हॅक्यूम तर चुकूनही फिरवू नका. लॅबच्या खिडक्या उघड्या असतात का?

सायन्सची_बाई: पावसात कुठल्या उघड्या? पाणी येतं आत.

बोंबील_फ्राय: ब्लड टेस्ट करा, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट.

तिरसट: अर्धवट सांगू नका हो. सुरमई खाल्ली तरी रक्तात पारा दिसतो. वाफेसाठी लघवीतला पारा बघतात, क्रिएटिनिनसकट (लघवी किती पातळ-दाट आहे ते त्यावरून कळतं). ताई, मासे खाता?

सायन्सची_बाई: सीकेपी आहे. पुढचं विचारू नका.

बोंबील_फ्राय: म्हणजे आता माशांवर खापर!

निसर्गप्रेमी: पंचकर्म करा, सगळं विष निघून जातं.

तिरसट: कोण सुचवतंय बघा. काही रसौषधींमध्ये पाराच असतो, विचारा तुमच्या वैद्यांना.

भांडुपकर: भांडण नंतर. थायरॉइड केलंय का? त्यानेही हात थरथरतात. आणि केईएम किंवा नायरच्या मेडिसिन ओपीडीत जाऊन जूनचं सगळं सांगा, झाडूसकट. डॉक्टरांना सांगितलंत ना हे?

सायन्सची_बाई: नाही... त्यांनी विचारलंच नाही. थायरॉइड नॉर्मल आहे.

कोपरातली_काकू: सोन्याची अंगठी घालून जाऊ नको गं लॅबमध्ये, पांढरी पडते.

सायन्सची_बाई: काकू!! उरलेले थेंब मीच कागदाने उचलले होते, तेव्हापासून अंगठी एका बाजूने पांढरी आहे. सोनाराने हलकं सोनं म्हणून ऐकवलं, मी सासूबाईंवर चिडून बसलेय.

भांडुपकर: अंगठी बरोबर न्या. आणि लॅबला कुलूप लावा आधी, पोरं बसतात तिथे.

बोंबील_फ्राय: कुठला सोनार?