फुगाझीचे पाच डॉलर : तत्त्व की ऐपत?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या चार जणांच्या बँडपुढे एका आयोजकाने करार ठेवला. ध्वनिमुद्रणाचा सगळा खर्च तो करणार होता, पण मूळ मुद्रणाची, म्हणजे मास्टरची, मालकी कायमची त्याच्याकडे जाणार होती. आम्ही नकार दिला. घरच्यांनी आणि मित्रांनी या नकाराला आडमुठेपणा म्हटले. नकार देताना माझ्या मनात ज्या बँडचे उदाहरण होते, त्याच्याविषयी लिहून आपली मते मागतो.

फुगाझी हा वॉशिंग्टन डी.सी.चा बँड. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम सप्टेंबर १९८७ मध्ये झाला, पण त्याची मुळे त्याआधीच्या सात वर्षांत, त्या शहरातल्या शाळकरी मुलांच्या पंक, म्हणजे वेगवान आणि बंडखोर रॉक, संगीतात आहेत. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये, आपला टीन आयडल्स हा बँड मोडत असताना, त्या बँडच्या शिलकीतून एक छोटी रेकॉर्ड काढायचे ठरवले आणि त्यासाठी डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी संस्था, सुरू केले. त्या रेकॉर्डची वेष्टने त्यांनी मित्रांसह स्वतः कापली, दुमडली आणि चिकटवली. पुढे मकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी या चौघांच्या फुगाझीचे सगळे अल्बम, २००१ च्या शेवटच्या अल्बमपर्यंत, याच लेबलवर निघाले. हे लेबल बँडशी लेखी करार करीत नसे. खर्च वसूल झाल्यावर नफा निम्मा-निम्मा वाटला जाई. टपालखर्चासह किंमत रेकॉर्डच्या वेष्टनावरच छापलेली असे, म्हणजे दुकानदाराने जास्त मागितले तर ते गिऱ्हाइकाला कळावे.

त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट बहुधा पाच डॉलर असे आणि प्रवेश सर्व वयांच्या श्रोत्यांना असे. या दुसऱ्या अटीचे महत्त्व आपल्याकडे चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत दारू पिण्याचे वय एकवीस असल्यामुळे आणि क्लबांचा धंदा दारूवर चालत असल्यामुळे, ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी हे संगीत होते त्यांनाच दाराबाहेर ठेवले जाई; म्हणून हा बँड शाळांचे हॉल, चर्चची तळघरे आणि सामाजिक सभागृहे शोधत हिंडला. त्यांनी व्यवस्थापक नेमला नाही, कार्यक्रमांच्या तारखा मकाय स्वतः ठरवीत असे, आणि नावाचे टी-शर्ट त्यांनी कधी विकले नाहीत.

निर्व्हाना या अमेरिकी रॉक बँडचा दुसरा अल्बम जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा मोठ्या कंपन्या अशा बँडच्या मागे लागल्या. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममधल्या कार्यक्रमानंतर अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमेत अर्तेगुन स्वतः फुगाझीला भेटायला गेले. चौघांनी नम्रपणे नाही म्हटले.

माझे म्हणणे असे आहे की पाच डॉलरचे तिकीट हा त्याग नव्हता. गाडी साधी, मुक्काम बहुतेक ओळखीच्यांच्या घरी, सोबत मोजकी माणसे, असा खर्च आधीपासून आवरलेला असल्यामुळेच त्यांना नाही म्हणता आले. ज्याच्या डोक्यावर कंपनीकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचे ओझे नाही, त्याला गाणे कसे असावे हे कोणी सांगू शकत नाही.

रंकाळाकाठ

आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. फुगाझी सुरू झाला तेव्हा मकायच्या हाती सात वर्षांचे स्वतःचे लेबल होते आणि रेकॉर्ड छापून युरोपभर पोहोचवणारी लंडनची सदर्न ही संस्था पाठीशी होती. ज्याचे घर बांधून झाले आहे त्याने भाडेकरूला ‘भाडे देऊ नकोस’ असे सांगावे, तसा हा दाखला आहे.

शिवाय सॉनिक यूथ या बँडचे उदाहरण आपण टाळले आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या भूमिगत वर्तुळातून आलेल्या या बँडने १९९० मध्ये गेफेन या मोठ्या कंपनीच्या डीजीसी लेबलशी करार केला, त्यानंतर एकवीस वर्षे गिटारचे सूर हवे तसे वेडेवाकडे लावत स्वतःचेच संगीत केले, आणि निर्व्हानाला त्याच कंपनीकडे नेण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आवाज कोणी विकत घेतला असे मला कधीही वाटले नाही. आणि कोल्हापुरात बसून आश्रयाला नावे ठेवणे मला विशेष खटकते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक होते. म्हणून त्यांची गायकी उणी झाली काय?

उद्यमनगरकर

आश्रय आणि मालकी यांत मी फरक करतो. दरबाराने खाँसाहेबांना मान दिला, चरितार्थ दिला. त्यांच्या बंदिशींवर हक्क सांगितला नाही. रेकॉर्ड कंपनी मुद्रणावर तसाच हक्क लिहून घेते. डिस्कॉर्डवरचाच जॉबॉक्स हा बँड पाहा. तो अटलांटिककडे गेला, १९९४ मध्ये तिथे त्याचा उत्तम अल्बम निघाला, १९९७ मध्ये बँड संपला, आणि तो अल्बम पुन्हा डिस्कॉर्डमार्फत लोकांपुढे यायला २००९ साल उजाडले. याउलट फुगाझीने २००२ च्या अखेरीस लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम करून थांबल्यावर, २०११ पासून आपल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची मुद्रणे श्रोत्यांसाठी खुली करायला घेतली. सुचवलेली किंमत पाच डॉलरच. ज्याला परवडत नाही त्याने एक डॉलर द्यावा, अशी सोय ठेवली. त्यासाठी त्यांना कोणाचीही परवानगी मागावी लागली नाही.

सॉनिक यूथबद्दल आपले बरोबर आहे. पण हस्कर डू हा अमेरिकी बँड १९८६ मध्ये वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेला आणि १९८८ च्या सुरुवातीला फुटला, हेही त्याच काळातले आहे.

रंकाळाकाठ

हस्कर डू व्यसनांनी आणि आपसातल्या बेबनावाने फुटला. त्याचा दोष कराराच्या माथी मारू नये.

उद्यमनगरकर

मान्य. ते उदाहरण मी मागे घेतो.

ध्वनियंत्रणावाला

मी या शहरात स्पीकर, मिक्सर आणि ड्रमसेट भाड्याने देतो. गणपतीचे दिवस सोडले तर कॉलेजांची स्नेहसंमेलने आणि लग्नांचे ऑर्केस्ट्रा यांवर माझे वर्ष चालते. स्वतःची गाणी करणारी मुले मला मनापासून आवडतात आणि त्यांना मी भाडे कमी लावतो, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

स्वस्त तिकिटाची किंमत कोणीतरी भरत असते. हजार श्रोते आले तर पाच डॉलरच्या तिकिटाने पाच हजार डॉलर जमतात आणि सगळ्यांचे भागते. आपल्याकडे सत्तर श्रोते येतात. शंभर रुपयांप्रमाणे सात हजार जमले, तर हॉल, टेम्पो आणि माझ्याकडे कामाला असलेली दोन पोरे यांतच ते संपतात. मग कार्यक्रमानंतर बँडमधला एक जण माझ्याजवळ येऊन ‘काका, उरलेले पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का’ असे विचारतो. मी चालतील म्हणतो. पण त्या तिकिटातला स्वस्तपणा माझ्या खिशातून गेलेला असतो, आणि स्वावलंबनाच्या या सगळ्या चर्चेत माझ्या पोरांची हजेरी कुठेच लागत नाही. दीडशे-दोनशे रुपये लावा. विद्यार्थ्यांना सवलत द्या. श्रोते चहा-मिसळीवर तेवढे खर्च करतातच.

पेटीवाला

वरील प्रतिसादाला अनुमोदन, पण धागाकर्त्याच्या एका मुद्द्यालाही. आपल्या रंगभूमीचा इतिहास खर्च आवरण्याचीच बाजू घेतो. गंधर्व नाटक मंडळी कलावंतांच्या मालकीची होती, प्रेक्षक जीव टाकत होते, बालगंधर्वांसारखा गळा होता. तरी मखमल, जरतार आणि अत्तर यांच्या थाटात कंपनी कर्जात बुडाली. मालकी हाती असूनही कर्ज झाले की सावकार मालक होतो.

आणि फुगाझी आपल्या शहरात दवाखाने, निवारे अशा कामांच्या मदतीसाठी कार्यक्रम करीत असे, हेही इथे नोंदवतो. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि आपले केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले, ती परंपरा आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

रंकाळाकाठ

धागाकर्त्यांना एकच थेट प्रश्न. मास्टरची मालकी कायमची न देता पाच किंवा सात वर्षांच्या मुदतीने द्यावी आणि नंतर ती बँडकडे परत यावी, असे कलम आपण त्या आयोजकाकडे मागितले होते काय?

उद्यमनगरकर

नाही, मागितले नव्हते. करार वाचून झाल्यावर आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि उठलो. मुदतीच्या कलमाचा विचार त्या वेळी कोणाच्याही मनात आला नाही. या सोमवारी जाऊन मागतो. त्याने ते लेखी दिले तर सही करू; तोंडी देतो म्हणाला तर आमचे मुद्रण वर्कशॉपमध्येच, सुट्टीच्या दिवशी लेथ बंद असताना होईल. तिकीट मात्र पुढच्या कार्यक्रमापासून दीडशे रुपये, विद्यार्थ्यांना साठ, आणि ध्वनियंत्रणावाले काका, आपले मागचे साडेतीन हजार त्याआधी पोहोचतील.