अनुभव धागा: शाळेत लिहिलेला तो एक निबंध

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर तिच्यात माझी आठवीची निबंधाची वही. खाकी कव्हर, त्यावर चिकटवलेल्या लेबलचा डिंक पिवळा पडलेला. पहिलाच निबंध 'समुद्रकिनाऱ्यावरील एक रम्य संध्याकाळ'. लाटा माझ्या पायांना गुदगुल्या करत होत्या, नारळाची झाडं माना डोलावत होती, आणि सूर्यनारायण नेहमीप्रमाणे निरोप घेत होता. दहापैकी आठ गुण आणि खाली 'सुंदर वर्णन'.

आमचं घर नागपूरच्या लक्ष्मीनगरात. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरी तलाव, दुसऱ्या नंबरवर फुटाळा. खरा समुद्र पाहिला सव्विसाव्या वर्षी. मुलाखतीसाठी विदर्भ एक्सप्रेसनं गेलो, दादरला उतरलो, बॅग घेऊन तसाच चौपाटीवर. पहिल्यांदा काय जाणवलं, तर वास. माझ्या निबंधात वास नव्हता. आणि पाणी मागे गेलेलं होतं, नुसता चिखल. ओहोटी नावाचा प्रकार गाइडात कुणी लिहिलेलाच नव्हता.

तर तुमचा असा एखादा निबंध सांगा. खरा असो, खोटा असो, मार्क मिळालेला असो की मार खाल्लेला. नाव नको, शाळेचंही नको. फक्त मोहल्ला आणि दहावीचं साल टाका, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

महाल, १९७९

विषय होता 'माझा आवडता सण'. वर्गात पन्नास पोरं, त्यातल्या चाळिसांनी दिवाळी लिहिली, बाकीच्यांनी गणपती. मी मारबत लिहिली, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. दुसरं काय लिहिणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्या दारावरून मिरवणूक जायची. तिकडून जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत, इकडून काळी, मागं बडग्यांची, म्हणजे चालू विषयांवरच्या पुतळ्यांची रांग. लाकडी बैल बगलेत मारून आम्ही सकाळपासून ओट्यावर बसलेले. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडून घसा बसायचा. त्या वर्षी एक बडग्या रॉकेलच्या रांगेवर होता, तेही मी लिहिलं. बडग्याच्या गळ्यात रिकामा डबा होता.

सरांनी लाल शाईत लिहिलं : 'हा सण नव्हे. ग्राम्य प्रथा आहे. पुन्हा लिहा.' दहापैकी चार.

पुन्हा दिवाळी लिहिली. सात मिळाले. गंमत म्हणजे हेच सर दुसऱ्या वर्षी मिरवणुकीत दिसले, पोराला खांद्यावर घेऊन, माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते.

नंदनवन, १९८६

मी मूळची काटोलकडची. आठवीत नागपूरला मावशीकडे आले. पहिल्याच आठवड्यात 'माझी आई' हा निबंध. मी लिहिलं : 'मी शाळेतून आली तेव्हा आई चूल पेटवून राहिली होती. बाबा वावरातून येऊन राहिले होते. आईने भाजीत सांबार टाकला.'

बाईंनी तो वर्गापुढे वाचला. 'पेटवून राहिली होती' म्हणजे काय गं, अजून पेटवतेच आहे का? पोरी हसल्या. मग 'सांबार' वर आल्या. इडलीबरोबरचं सांबार भाजीत कशाला टाकलं? पुन्हा हशा. त्या हसणाऱ्यांपैकी निम्म्या पोरींच्या घरी कोथिंबिरीला सांबारच म्हणत असणार, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याही हसत होत्या.

त्यानंतर मी दोन भाषा वेगळ्या ठेवल्या. वहीत कोथिंबीर, शेंगदाणे, शेत, बटाटे. घरी सांबार, फल्ली, वावर, आलू. पुढे मराठीतच एम. ए. केलं, आणि पोटापाण्यासाठी अनेक वर्षं मुद्रितशोधन केलं. म्हणजे लोकांच्या लिखाणातलं 'करून राहिले' काढून 'करत आहेत' करणं हाच धंदा. हात सवयीनं चालायचा. एकदा एका मुलीच्या कथेत आजी म्हणते, 'काहून रडून राहिली बे?' तिथं मात्र पेन उचलून बाजूला ठेवलं आणि चहा प्यायला गेले. परत येऊन पुढचं पान घेतलं.

आई आता नाही. तो निबंधही नाही. त्यातली चूक मला पाठ आहे.

खामला, १९९८

'सूर्य उगवला नाही तर'. गाइडात लिहिलंय की प्रकाशसंश्लेषण थांबेल, पृथ्वी गोठेल, म्हणून सूर्याचे उपकार माना. माझा पेपर एप्रिलच्या शेवटी. मी लिहिलं की एक दिवस नाही उगवला तर बाबांना कूलरमध्ये पाणी टाकावं लागणार नाही, खसच्या टट्ट्या बदलाव्या लागणार नाहीत, आणि आजी दुपारी ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवून बाहेर जाणार नाही. तीन गुण. आजही म्हणतो, होय ना बावा, एक दिवस तरी नको उगवू.

साल नाही सांगत, वय कळेल

माझे निबंध मी लिहिलेच नाहीत, आजोबा लिहून द्यायचे. 'विद्यार्थिदशेतील काळ हा अमोल होय' अशी त्यांची सुरुवात. एकदा शेवटी शेरा आला : 'आजोबांना सप्रेम नमस्कार सांगणे. पुढील निबंध स्वतः लिहिणे.' आजोबांनी शेरा दोनदा वाचला आणि म्हणाले, मास्तरांचं अक्षर चांगलं आहे.

सीताबर्डी, १९७४

आमच्या वर्गाला 'किल्ल्याचे आत्मवृत्त' होता. सगळ्यांनी रायगड, प्रतापगड घेतले. घराच्या खिडकीतून रोज दिसणारा किल्ला सोडून मी कुठं जाणार? सीताबर्डीचा किल्ला बोलू लागला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची इंग्रजांशी झालेली लढाई त्यानं सांगितली, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले सांगितले, आणि शेवटी भोसले जिंकले असं मी लिहून टाकलं. निबंधाचा शेवट चांगला करावा असं शिकवलं होतं ना!

इतिहासाच्या सरांकडे वही गेली. ते रागावले नाहीत. म्हणाले, अर्धा जिंकलेला आहेस. भोसल्यांच्या अरब शिपायांनी दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी घेतली होती, ती टिकवता आली नाही एवढंच. मग तो परिच्छेद पुन्हा लिहायला लावला, हरण्याचा. हरलेला किल्ला काय बोलेल हे मला सुचेना. शेवटी लिहिलं की 'नंतर माझ्या अंगावर इंग्रजांनी भिंती बांधल्या आणि लोक त्यालाच किल्ला म्हणू लागले.'

किल्ला लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे एरवी आत जाता येत नाही. त्या वर्षी १५ ऑगस्टला वडील घेऊन गेले. टेकडी इतकी बुटकी असेल असं वाटलं नव्हतं.

एक निवृत्त शिक्षक

मोहल्ला देत नाही, माझे विद्यार्थी इथं असतील. वरचं वाचून मास्तर मंडळींवर फार राग दिसतो, म्हणून दुसरी बाजू.

मी बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. गठ्ठा घरी यायचा, तारीख ठरलेली. एका निबंधाला किती वेळ मिळतो ते विचारू नका. सुरुवातीला सुविचार, मधे तीन मुद्दे, शेवटी कवितेची ओळ, हा साचा पोरांनी नाही, आम्हीच घडवला, कारण साच्यातलं पटकन तपासता येतं. वर आमचे गुण पुन्हा तपासणारा नियामक बसलेला असतो. एखाद्या वेगळ्या निबंधाला भरपूर गुण दिले तर 'का दिले' हे सांगता आलं पाहिजे. समुद्राला आठ दिले तर कोणी विचारत नाही. आताच्या दहावीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांतून एक लिहायचं असतं, आठ गुणांना. नावं बदलली, साचा तोच.

आणि गाइडाला इतक्या शिव्या देऊ नका. ज्याच्या घरी एकही पुस्तक नव्हतं त्याच्यासाठी तेच पुस्तक होतं. रिक्षावाल्याचा पोरगा 'मावळतीचे रंग आसमंतात पसरले होते' हे पाठ करून लिहायचा तेव्हा त्याला निदान एक पूर्ण वाक्य मिळालेलं असायचं. कर्ता, कर्म, क्रियापद जागेवर. पुढं तो त्याच्या मापाचं वाक्य शिवतोच.

एक उत्तरपत्रिका मात्र विसरलो नाही. 'शाळेची घंटा बोलू लागली तर'. सगळ्यांच्या घंटा शिस्तीचं महत्त्व सांगत होत्या. या एका मुलाची, की मुलीची, घंटा म्हणाली : 'मला वाजवणाऱ्या बाईचा पगार चार महिने झालेला नाही, पण ती मला एक मिनिटही उशिरा वाजवत नाही.' पुढे एवढंच दीड पान. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. मी सात दिले. पाच होऊन परत आले.

धंतोली, १९९६

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंच जास्त.

मी नववीत होते. बाबांचं ऑफिस तिकडेच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जाताना मला चपला दिसल्या. ढीग. बहुतेक स्लिपर, लहान मापाच्याही. काही दिवसांनी वर्गात 'मी पाहिलेला एक प्रसंग' दिला. मी चपलांबद्दल लिहिलं. दुसरं काहीच लिहिता आलं नाही. पाऊण पान झालं.

गुण नव्हते, फक्त 'भेटावे'. घाबरत गेले. मॅडमनी स्टाफरूमच्या बाहेर बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. वही उघडली, बंद केली. म्हणाल्या, यावर गुण द्यायचे नाहीत, तुला चालेल ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी डब्यातली अर्धी पोळी मला दिली. आम्ही दोघी न बोलता खाल्ली आणि घंटा झाली.

आता तिथून उड्डाणपूल जातो, गोवारी शहिदांच्या नावाचा. गाडीवरून जाताना मुलांना नाव वाचून दाखवते.

इंदोरा, २००३

माझा निबंध शाळेतल्या निबंधापेक्षा मोठा आहे, कारण तो मी नाही लिहिला.

आमच्याकडे दसऱ्याच्या चार दिवस आधीपासून पाहुणे. ओळखीचे असतातच असं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा आजी तिथं होती, पांढरं लुगडं नेसून, पोटात माझी मोठी आत्या. तेव्हापासून घराचं अंगण दीक्षाभूमीला येणाऱ्यांचं. मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं यायची. अंगणात सतरंज्या, एका बाजूला पिठल्याचं पातेलं. 'अविस्मरणीय दिवस' मध्ये मी हे लिहिलं होतं आणि मला चांगले गुण मिळाले होते, उगाच रडगाणं नाही गात. उलट सरांनी विचारलं होतं, पातेलं केवढं होतं ते का नाही लिहिलंस?

खरी गोष्ट पुढची. दीक्षाभूमीवर त्या दिवसांत पुस्तकांचे स्टॉल लागतात. लोक तांदळाची पिशवी घेतल्यासारखी पुस्तकं घेऊन जातात. अकरावीत असताना तिथं एक पातळ पुस्तिका घेतली. त्यात मुक्ता साळवे यांचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो छापून आला.

स्टॉलच्या बाजूलाच उभ्याउभ्या वाचला. सुविचार नाही, सूर्यनारायण नाही. वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवाला विचारते. आम्हाला वाचायला बंदी, मग धर्म कळायचा कसा, हा तिचा मुद्दा. दहावीपर्यंत मी 'हुंडा : एक सामाजिक समस्या', 'अस्पृश्यता : एक कलंक' असे किती तरी निबंध लिहिले होते. सगळ्यांत 'आपण' होते. आपण हे थांबवले पाहिजे. हे आपण कोण, ते कधी कळलं नाही. मुक्ताच्या निबंधात 'आम्ही' आहे. आम्हाला.

आता मी स्वतः नववीला मराठी शिकवते. दर वर्षी जूनच्या शेवटी शाळा उघडली की, आपल्याकडे उन्हामुळं उशिराच उघडते, पहिल्या आठवड्यात हा निबंध वाचून घेते. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, मॅडम, हिला किती मार्क मिळाले? मी म्हटलं, तूच दे. त्यानं खूप विचार करून साडेनऊ दिले. अर्धा शुद्धलेखनाचा कापला म्हणाला.

अंबाझरी, माझी नाही, मुलाची दहावी २०२५

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं. आम्ही गच्चीवर. पोराच्या नववीच्या सगळ्या वह्या गेल्या. महिन्याभरानं शाळेत विषय आला 'पावसाळ्यातील एक दिवस'. सहज म्हणून त्यानं मोबाइलला विचारलं, तर तिथंही तेच : मातीचा सुगंध, कागदी होड्या, गरमागरम भजी. हे पोट्टं म्हणालं, आई, हे काहीच आपल्याकडं नव्हतं ना.

त्याच्या निबंधाचं पहिलं वाक्य : 'आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि त्याच्यावर शेजारच्यांची मांजर बसली होती.'

आठपैकी सहा. मॅडमनी 'फ्रिज' खाली रेघ ओढून 'शीतकपाट' लिहिलंय.

लक्ष्मीनगर, १९९१

धागा काढणारा मीच. अंबाझरीवाल्या ताई, फ्रिजचं काय झालं पुढं?

अंबाझरी

वाळवला. चालू आहे. रात्री फार आवाज करतो. मांजर अजून त्याच्यावरच बसते.