विषय: सुरतेची वॅगन आर, ४ लाख ६० हजार. भाव बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमाशी या मेलचा संबंध नाही, पण आपल्यात खान्देशची आणि गाड्यांतली जाणती माणसं आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझा धाकटा भाऊ पारोळ्याला राहतो, नोकरी धुळ्यात. एका बाजूचे पस्तीसेक किलोमीटर. पारोळ्याला रेल्वे नाही, त्यामुळे इतकी वर्षं एसटी. जूनपासून भाचीही धुळ्याच्या कॉलेजात जाते. सकाळी साडेसहाला दोघं स्टँडवर उभी असतात, आणि गाडी भरून आली की तिला दाराशी लोंबकळत जावं लागतं. म्हणून गाडी घ्यायची ठरलं. अर्धे पैसे मी देणार.

मावसभावाच्या ओळखीतली एक वॅगन आर सुरतेला, उधन्यात आहे. मार्च २०२१ ची, एलएक्सआय मॉडेल, कंपनीनेच बसवलेली सीएनजी, ६८ हजार किलोमीटर, एकच मालक. ते ४ लाख ६० हजार सांगतायत. भाऊ बघून आला आणि फोनवर आपल्या अहिराणीत म्हणाला, "गाडी बेस शे, ताई. आते काय करू?" म्हणजे गाडी चांगली आहे, आता काय करू?

मी भारतात कधी गाडी घेतली नाही. हो म्हणू का?

पारोळ्याची लेक, न्यू जर्सी

---

ताई, इथे अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या भावाचं ब्लू बुक उघडलं की आकडा मिळतो, भारतात तसा एक सर्वमान्य आकडा नाही. पण मी तीन अ‍ॅप्सवर सुरत टाकून पाहिलं. अशीच गाडी ३ लाख ९० पासून ४ लाख ९० पर्यंत दिसते. म्हणजे ४.६० जरा वरच्या बाजूला आहे, पण चालण्यासारखं. सर्व्हिस रेकॉर्ड बघून घ्या.

चाळीसगावकर, फ्रीमाँट

---

ताई, राम राम.

मी मार्चपर्यंत धुळ्यात, देवपुरात आहे. टोरांटोला मुलाकडे येण्याआधी बावीस वर्षं धुळे-नंदुरबार पट्ट्यात विम्याचा सर्व्हेअर होतो, त्यामुळे मोडलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या. घाई करू नका.

चाळीसगावकरांनी कष्टाने आकडे काढले, पण अ‍ॅपवर दिसतो तो मागणाऱ्याचा आकडा. गाडी शेवटी कितीला गेली, ते तिथे दिसत नाही. सुरुवात नव्या गाडीपासून करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी उतरली की जुनीलाही उतरावंच लागतं. सुरतेच्या गृहस्थांच्या मनात अजून गेल्या वर्षीचा भाव बसलेला दिसतो. भावाला म्हणा, धुळ्याच्या शोरूममधून याच मॉडेलचं आजचं कोटेशन लेखी आण. एक्स-शोरूम (म्हणजे आरटीओचा टॅक्स आणि विमा धरण्याआधीची किंमत), टॅक्स, विमा वेगवेगळं लिहून.

दुसरी मोजपट्टी विम्याची. गाडी जुनी होते तशी विमा कंपनी तिची किंमत किती कमी धरते, त्या घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, मग ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. बाजार इतका कठोर नसतो. सीएनजी वॅगन आरला आपल्याकडे गिऱ्हाईक कायम असतं. माझ्या पाहण्यात नीट राखलेल्या गाडीला पाचव्या वर्षी नव्या गाडीच्या एक्स-शोरूमच्या सत्तर-बहात्तर टक्के मिळतात. पण उद्या गाडी चोरीला गेली तर हातात येणार ते निम्म्याच्या हिशोबाने. वरचे पैसे तुम्ही स्वतःच्या जोखमीवर देताय, हे भावाला समजलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालकाकडे चालू विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा रकाना बघा. क्लेम न घेता दरवर्षी नूतनीकरण केलं तर बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. मार्च २०२१ च्या गाडीला मार्च २०२५ च्या पॉलिसीत ४५ टक्के हवा. शून्य असेल तर आदल्या वर्षात बहुधा काहीतरी झालंय. मग भांडायचं नाही, सरळ विचारायचं: काय लागलं होतं, बिल दाखवा. उलटही लक्षात ठेवा. बोनस राखण्याचं जादा कव्हर असतं आणि कोणी खिशातून दुरुस्ती करतो, म्हणून ४५ दिसले तरी पत्रा तपासायचाच. बॉनेट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टचा रंग बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागला की कडा उघड्या पडतात.

सुरतेची गाडी म्हणजे पाणी. पावसाळ्यात तिथे खाडीचा पूर घरात शिरतो, पार्किंगचं तर विचारूच नका. धुऊन-पुसून गाडी चकचकीत करतात, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कोणी धूत नाही. भावाला चारही पट्टे पूर्ण बाहेर ओढायला सांगा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची पिवळट रेघ असेल तर शब्द न वाढवता परत यायचं, मग ते २ लाखांत देवोत. सीटखालच्या रुळांचा गंजही बघा.

सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी लागते, म्हणजे एक २०२४ मध्ये झालेली हवी. प्रमाणपत्र मागा. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलेलं आहे ना, तेही पाहा.

जीजे पासिंगची, म्हणजे गुजरातच्या नंबरची गाडी कायम महाराष्ट्रात ठेवायची तर बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला टॅक्स वयाच्या हिशोबाने पुन्हा भरावा लागतो. भावाने त्याचा आकडा आपल्या भागाच्या आरटीओत आधी विचारून ठेवावा.

तुमचे नाना, धुळे

---

नाना,

तुमची मेल भावाला वाचून दाखवली. त्याने कागदावर उतरवून घेतली आणि शनिवारी नवापूरमार्गे पुन्हा सुरत गाठली.

पट्टे चारही स्वच्छ. रूळही. जीव भांड्यात पडला.

मग पॉलिसी. बोनस शून्य.

मालकांनी आधी सांगितलं होतं की गाडीला ओरखडा नाही. भावाने तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले, मग कपाटातून बिल काढून दिलं. २०२४ च्या दिवाळीत गावाकडे येताना कोंडाईबारी घाटात ट्रकने डावा कोपरा घासला होता. डावं फेंडर नवीन, डावा हेडलाइट नवीन, दाराचा पत्रा ठोकून घेतलेला. भाऊ म्हणतो, मागच्या वेळी डावा दिवा काचेसारखा लख्ख आणि उजवा पिवळा पडलेला त्याला दिसला होता, पण अर्थ लागला नाही. आतल्या चेसिसला, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला काही नाही. त्याने मेकॅनिक सोबत नेला होता, त्यानेही पाहिलं.

टायरवर चारही ठिकाणी ०४२१. सिलिंडरची तपासणी झालेलीच नाही. क्लच जरा वर लागतो, पण घसरत नाही. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर ओळीने चढत गेलेत.

शोरूमचं कोटेशन: एक्स-शोरूम ५ लाख ८९ हजार, रस्त्यावर पावणेसात. आरटीओत टॅक्स आणि बाकी खर्च मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास सांगितला.

माझं मन आता उतरलं आहे. त्यांनी खोटं सांगितलं ना?

पारोळ्याची लेक

---

ताई,

खोटं सांगितलं, हे खरं. पण विचारल्यावर बिल काढून दिलं, हेही खरं. विकणाऱ्याला वाटतं, अपघात म्हटलं की गिऱ्हाईक पळेल. मी असे पुष्कळ पाहिले, त्यातले बहुतेक बिल फाडून टाकतात. गाडी सोडू नका, भाव बदला.

०४२१ म्हणजे २०२१ चा चौथा आठवडा. गाडीसोबत आलेले टायर, ६८ हजार चाललेले. मे महिन्यात आपल्याकडचं डांबर कसं तापतं ते तुम्हाला माहीत आहे. भाची त्या गाडीत बसणार, चारही बदलायचे.

५ लाख ८९ चे बहात्तर टक्के म्हणजे ४ लाख २४ हजार. टायरचे सोळा हजार आणि सिलिंडरच्या तपासणीचे चार हजार गेले, राहिले ४ लाख ४ हजार. ठोकलेल्या दाराचे आणि क्लचचं आयुष्य संपत आल्याचे मिळून दहा हजार. ३ लाख ९४.

टॅक्सचे अठ्ठावीस सगळे त्यांच्या माथी मारू नका. गाडी गुजरातची आहे हा त्यांचा दोष नाही, सुरतेच्या गिऱ्हाइकाला तो खर्च येणारच नाही. निम्मे तुमचे, निम्मे त्यांचे. म्हणजे ३ लाख ८०. पाच हजार वर गेले तरी चालेल, चार लाखांना मात्र घेऊ नका. हा हिशोब भावाने त्यांच्यासमोर कागदावर मांडावा. दोघांना सारखा दिसणारा हिशोब असला की घासाघीस लागत नाही.

टोकन वीस हजार, तेही चेकने. बाकी रक्कम सुरत आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, भावाच्या भागाच्या आरटीओच्या नावाने हातात आल्यावर. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही पैसे देतानाच. कर्ज होतं का तेही आरसीवर बघा; असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हवा. आणि चालानं भरलेली आहेत ना?

रोज सत्तर किलोमीटर, वर्षाला अठरा-एकोणीस हजार होतील. म्हणून क्लचसाठी पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

नाना

---

नाना, मंडळी,

३ लाख ८५ हजारांना ठरलं. मालकांनी कागद दोनदा वाचला, टॅक्सच्या निम्म्या भागावर बोट ठेवलं आणि भावाला म्हणाले, "हे तुम्ही बरोबर केलं." कर्ज नव्हतं. एक चालान होतं, ते त्यांनी समोरच भरलं.

एनओसी काल आली. टायर धुळ्यात बसवले, सिलिंडर तपासणीला दिलाय, त्यानंतर आरटीओत गाडी दाखवायची.

नाना, भाऊ म्हणतो रविवारी पारोळ्याला जेवायलाच या. भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. घ्यायला तो येईल, गाडी घेऊन.

पारोळ्याची लेक