उन्हाळी टायर, स्पोर्ट्स कार आणि थंडीतला कोरडा रस्ता : आपले अनुभव

नमस्कार. बर्फात गाडी चालवण्याविषयी परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. मला अनुभव हवे आहेत ते बर्फ पडण्याआधीच्या दिवसांचे : रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, तापमान मात्र पाच अंशांच्या खाली आणि दारातल्या स्पोर्ट्स कारला अजून उन्हाळी टायर, म्हणजे उबदार रस्त्यासाठी बनवलेल्या रबराचे. या दिवसांत चालवणारा सर्वांत बेसावध असतो, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगून सुरुवात करतो.

मी स्टुटगार्टमध्ये राहतो. हे शहर वाडग्यासारख्या खोलगट भागात वसलेले आहे आणि तिथून वळणावळणाचे चढाचे रस्ते वरच्या वस्त्यांकडे जातात. माझी गाडी दोन आसनांची आहे. इंजिन आसनांच्या मागे आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी, दोन अंश तापमानात, घराजवळच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर उजवीकडे वळताना मी दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. उन्हाळाभर त्याच वळणावर जेवढा दाबत आलो होतो, तेवढाच. त्या दिवशी मात्र गाडीचा मागचा भाग कसलीही चाहूल न देता डावीकडे निघाला, डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचा पिवळा दिवा लुकलुकला आणि मी स्टिअरिंग उलटे फिरवेपर्यंत गाडीचा मागचा अर्धा भाग समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला गेला होता. समोरची व्हॅन लांब होती म्हणून निभावले. खाली उतरून पाहिले तर रस्त्यावर पाणी नव्हते, तेल नव्हते, पडलेली पानेही नव्हती. टायरला हात लावला तेव्हा ते बुटाच्या जुन्या टाचेसारखे कडक लागले.

जर्मनीत या बाबतीत ‘ओ ते ओ’ असे लोकांच्या तोंडी असते, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, अर्थात ईस्टर. कायदा मात्र तारखांचा नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेला थर किंवा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर हवेत, नसल्यास ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहनचालक नोंदीत एक दोषगुण, असा तो आहे. रस्ता कोरडा असेल तर शून्याखालीही उन्हाळी टायर कायदेशीर असतात. म्हणजे त्या सकाळी माझे काहीही बेकायदेशीर नव्हते, आणि नेमके हेच मला अस्वस्थ करते.

आपले काय अनुभव आहेत? गाडी कोणती यापेक्षा तापमान किती होते, रस्ता कसा होता आणि गाडी नेमकी कशी वागली, हे लिहिल्यास सर्वांनाच उपयोग होईल.

अ‍ॅक्रन, ओहायो

मी टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराच्या रबरावर काम करतो, त्यामुळे अनुभवाआधी कारण सांगतो. वर टाचेची उपमा आली आहे ती अगदी योग्य आहे.

रबर थंड होत गेले की एका तापमानाला ते काचेसारखे ताठ होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान सुमारे उणे ७० अंश आहे. मग अधिक दोन अंशांना चिंता कशाची, असे कोणालाही वाटेल. परंतु उन्हाळी स्पोर्ट्स टायरच्या मिश्रणात स्टायरीनचे प्रमाण जास्त असलेले कृत्रिम रबर वापरतात आणि त्याचे ताठ होण्याचे तापमान मुद्दाम बरेच वर ठेवलेले असते, कारण असे रबर तापलेल्या डांबरावर दबताना आणि सुटताना पुष्कळ ऊर्जा जिरवते, आणि ही जिरलेली ऊर्जा हा पकडीचा मोठा भाग असतो. उन्हाळ्यातला जो गुण, तोच थंडीतला दोष.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती विस्ताराने लिहितो. रबराचा ताठपणा केवळ तापमानावर नव्हे, तर त्याला किती झपाट्याने दाबले जाते यावरही ठरतो. ब्रेक लावल्यावर डांबरातल्या बारीक खडीच्या उंचवट्यांवरून रबर सेकंदाला हजारो वेळा दबते आणि सुटते, आणि इतक्या जलद हालचालीत ते प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कितीतरी अंशांनी थंड असल्यासारखे वागते. त्यामुळे उभ्या गाडीच्या टायरला बोटाने दाबून केलेला अंदाज नेहमी कमी पडतो. बोटाला जे नुसते कडक लागते, ते ब्रेकखाली काचेच्या आणखी जवळ गेलेले असते.

सात अंशांखाली उन्हाळी टायर वापरू नयेत, असा जो आकडा सर्वत्र सांगतात, तो कड्यासारखा नसून उतारासारखा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाच-सहा अंशांना, कोरड्या रस्त्यावर, उत्तम उन्हाळी टायर हिवाळी टायरइतक्या किंवा त्याहून कमी अंतरातही गाडी थांबवू शकतो, कारण हिवाळी टायरच्या नक्षीतले मऊ रबरी ठोकळे वाकतात. तापमान त्याखाली उतरले, रस्ता ओला झाला किंवा टायर अगदी शर्यतीच्या धाटणीचा असला, की चित्र झपाट्याने पालटते.

आता माझा अनुभव. मार्चमधल्या एका सकाळी, उणे एक अंशाला, मी आंतरराज्य ७७ या महामार्गावरून वीस-पंचवीस मिनिटे सरळ गेलो आणि टायर आता तापले असतील असे गृहीत धरले. मागचे टायर ताकद देतात म्हणून थोडे तापलेही असतील, परंतु पुढच्या टायरांना तोवर काहीच काम पडले नव्हते. बाहेर पडण्याच्या गोल उतारावर स्टिअरिंग वळवले तरी गाडी बराच वेळ सरळ जात राहिली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर वळली. धागा काढणाऱ्यांच्या गाडीची शेपटी सुटली, माझ्या गाडीचे नाक सुटले, कारण एकच. या विषयात पदवी घेतलेल्या माणसाला गृहीत धरण्याची ही चूक शोभत नाही, आणि तिचे मला आजही वाईट वाटते.

हवेच्या दाबाकडेही लक्ष द्यावे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. सप्टेंबरमध्ये २५ अंशांना ३६ भरलेला टायर शून्याला साधारण साडेएकतीसवर येतो, आणि कडक रबर व कमी दाब असा दुहेरी फटका बसतो.

डेट्रॉइटजवळ, मिशिगन

माझे नुकसान गाडी चालवून नव्हे, तर हलवून झाले. मस्कल कार म्हणतात तशी आठ सिलिंडरची गाडी मी हिवाळाभर न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवतो. जानेवारीत बाहेर उणे १८ अंश असताना, दुसरी गाडी आत घ्यायची म्हणून मी ती फक्त दहा फूट मागे घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून बाजूला लावली. वसंतात धुताना टायरच्या बाहेरच्या ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. दुकानदाराने टायर पाहताच विचारले, “कडाक्याच्या थंडीत हलवली होती का?” चारही टायर टाकून द्यावे लागले आणि अशा नुकसानीला हमी लागू होत नाही, हेही तेव्हाच कळले.

माझ्या गाडीला होते तशा उन्हाळी स्पोर्ट्स टायरांबाबत निर्माते स्पष्ट छापतात : उणे ७ अंश किंवा त्याखाली गेलेले टायर किमान ५ अंशांच्या उबेत २४ तास ठेवल्याशिवाय त्यांच्यावर भार देऊन ते फिरवू नयेत. मी ते वाचले नव्हते. माझी विनंती एवढीच, की ज्यांची गाडी थंड गॅरेजमध्ये असते त्यांनी ती ‘जरा पुढे-मागे’ करू नये. चाके काढून घरातल्या तळघरात ठेवणे हा उत्तम मार्ग, आणि गेली चार वर्षे मी तेच करतो.

मिल्टन कीन्स, इंग्लंड

इथे हिवाळी टायरांची सक्ती नाही आणि दिवसा बहुधा सहा ते नऊ अंश असतात, म्हणून बहुतेक जण वर्षभर उन्हाळी टायरच ठेवतात. मीही ठेवले. पहिल्याच डिसेंबरमध्ये सुपरमार्केटच्या वाहनतळात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून हळूहळू बाहेर पडताना पुढची चाके थडथड उड्या मारू लागली. आवाज असा, की एखादा सांधा तुटला असावा. मी घाबरून गाडी तपासणीला दिली. त्यांनी डिफरन्शियलपासून (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) सर्व काही पाहिले, पैसे घेतले आणि काही सापडले नाही असे सांगितले. मार्चमध्ये उड्या आपोआप थांबल्या.

नंतर एका अनुभवी मेकॅनिकने समजावून दिले. पूर्ण वळणात आतल्या आणि बाहेरच्या चाकाचे कोन कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे एक चाक थोडे आडवे ओढले जाते. ऊब असताना रुंद टायरचे रबर ती ओढ सोसते. थंडीत ते सोसत नाही, अडकते आणि सुटते. गाडीचे काही बिघडत नाही, परंतु मी ती थडथड आता थर्मामीटर मानतो. वाहनतळात गाडी उड्या मारू लागली, की मुख्य रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

जपून चालवले तर इंग्लंडच्या दक्षिणेकडे उन्हाळी टायरांवर हिवाळा काढता येतो, असे माझे मत होते आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. पहाटेच्या प्रवासाला मात्र मी आता पत्नीची साधी गाडी नेतो, कारण पुलांवरचा रस्ता खालूनही गार पडतो आणि इतर रस्त्याच्या आधी गोठतो.

झुरिक, स्वित्झर्लंड

माझी दोन आसनांची छोटी उघडी माझ्दा आहे आणि शरद ऋतूत घाटांत जाणे हा माझा वर्षातला सर्वांत आवडता दिवस असतो. ऑक्टोबरच्या शेवटी झुरिकहून छत उघडे ठेवून निघाले तेव्हा तेरा अंश होते. यूलियर घाटाचा माथा २२८४ मीटरवर आहे, झुरिक सुमारे ४०० मीटरवर. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेत शिकले होते. ते टायरांना लागू करायचे सुचले नव्हते. वर पोहोचेपर्यंत पारा शून्याच्या आसपास आला होता आणि सावलीतल्या वळणांवर डांबर काळे, ओलसर दिसत होते. कमी वेगातही दोन वळणांवर स्टिअरिंग हलके झाले, म्हणजे चाके रस्त्याविषयी हाताला काही सांगेनाशी झाली.

माथ्यापूर्वीच मी गाडी वळवली. मागे फिरल्याचा त्या दिवशी फार राग आला होता, कारण सोबत आलेली मैत्रीण पुढे जाण्याचा आग्रह करत होती. आता त्या गाडीसाठी एक इंच लहान रिमवर हिवाळी टायरांचा वेगळा संच आहे. त्यावर गाडीचा तीक्ष्णपणा थोडा कमी होतो, वळणात ती जराशी डोलते. पण जानेवारीत निरभ्र आकाशाखाली छत उघडे ठेवून, हीटर पायांवर सोडून तिच्यातून फिरण्याचे सुख मला याच टायरांनी दिले.

गॅटिनो, क्यूबेक, कॅनडा

आमच्याकडे प्रश्नच उरलेला नाही. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. नदीपलीकडे ओटावात, म्हणजे ऑन्टेरिओत, सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर लावणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत दिली पाहिजे, असा तिथे २०१६ पासून नियम आहे. माझा अनुभव नोव्हेंबरचा आहे. सक्ती १ तारखेला आहे म्हणून मी टायर बदलायला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ घेतली, आणि त्याच्या आदल्या दिवशी सिग्नलला चारही चाकांना ताकद देणारी गाडी झकास निघाली आणि पुढच्या सिग्नलला थांबलीच नाही. समोरच्याच्या बंपरला लागले. चारही चाके ओढतात याचा थांबण्याशी काहीही संबंध नाही, हे मला आधी माहीत होते. पटले त्या दिवशी.

पुणे

माझी गाडी स्पोर्ट्स कार नाही, तरी लिहितो, कारण टायर तोच विषय आहे. डिसेंबरमध्ये पुण्याहून मनालीला गेलो आणि अटल बोगद्यातून लाहौलच्या बाजूला बाहेर पडलो. नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर बाहेर आल्यावर दुपारी चार वाजताच पारा शून्याखाली होता. पुण्याच्या उन्हासाठी घेतलेल्या टायरांवर पहिल्याच उताराला ब्रेक दाबल्यावर एबीएसची (चाके अडकू न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) कुरकुर पायाला जाणवली, आणि रस्त्यावर बर्फ नव्हता. आम्ही पुढे न जाता परतलो.

स्टुटगार्ट (धागा काढणारा)

सर्वांचे मनापासून आभार. अ‍ॅक्रनच्या सदस्यांनी बोटाने दाबण्याविषयी जे लिहिले आहे, त्यामुळे माझी एक सवय सुटेल. रोज सकाळी मी टायर दाबून पाहत असे आणि त्यावर विसंबत असे.

खर्चाविषयी दोघांनी खासगीत विचारले, म्हणून इथेच लिहितो. दुसऱ्या रिमसह हिवाळी संच महाग वाटतो, पण उन्हाळी संच तेवढे महिने झिजत नाही, त्यामुळे दोन्ही अधिक वर्षे चालतात. रिम लहान घेतल्यास टायर स्वस्त पडतात आणि खड्ड्यांत रिम वाकण्याची भीतीही कमी होते. फक्त पुढच्या ब्रेकवर ते बसतात की नाही, हे आधी पाहून घ्यावे. जर्मनीत नवे हिवाळी टायर घेताना पर्वत आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच घ्यावेत. ऑक्टोबर २०२४ पासून नुसते ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर इथे हिवाळी म्हणून चालत नाहीत.

वसंतात मी घाई करत नाही. एप्रिलमध्ये दुपारी अठरा अंश असले तरी कामाला निघताना सकाळी सात वाजता तीन असतात, आणि मला ते वळण सकाळी सातलाच घ्यायचे असते.