लॉन पिवळी पडतेय : पाणी किती, खत किती?

अंगणकर, नाशिक
बंगल्यासमोर ५०० चौरस फूट सिलेक्शन नं. १ जातीच्या गवताची लॉन आहे. जमीन काळी, पाणी बोअरचं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी देतो. युरिया हाताने फेकला, तर कुठे पट्टे गर्द हिरवे, कुठे पिवळे. आणखी युरिया टाकू का?

मातीमित्र
थांबा, आधी पाणी. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच राहतात. ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, तिथे १ मिलिमीटर म्हणजे ४६ लिटर. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १२ मिलिमीटर, म्हणजे दर वेळी ५५० लिटर. २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ४० सेकंद लागले तर १८ मिनिटं पाइप चालवायचा. काळ्या जमिनीवरून पाणी वाहून जातं, म्हणून निम्मं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं. नंतर स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा, चार बोटं सहज जायला हवा. वेळ पहाटेची ठेवा, रात्रभर पातं ओलं राहिलं की बुरशी येते.

हिरवळवाले
पट्टे असमान फेकल्याने आलेत. एका वेळी युरिया २५० ग्रॅमच, तोही तीन किलो कोरड्या चाळलेल्या वाळूत कालवून. निम्मा उभा फेका, निम्मा आडवा. पातं कोरडं हवं, आणि लगेच २५० लिटर पाणी. दाणे पात्यावर राहिले तर करपवतात, नुसते मातीवर राहिले तर युरियातलं नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं. पुढचा हप्ता दीड महिन्याने. मुसळधार पावसात आणि कडाक्याच्या थंडीत टाकू नका.
पिवळेपणा जुन्या पात्यांवर आहे की कोवळ्या?

अंगणकर, नाशिक
कोवळ्या. शिरा हिरव्या, मधला भाग फिका.

मातीमित्र
मग नत्र नाही, लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही; क्षारांच्या बोअरच्या पाण्याने त्यात भर पडते. युरियाने हे सुधारणार नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, असं पाच लिटर ताजं द्रावण करून ऊन उतरल्यावर बारीक फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीत टाकाल तर तिथेच अडकून बसेल. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, तांबडा डाग निघत नाही.

हिरवळवाले
एक तपासून घ्या. पिवळा भाग ओढल्यावर चटईसारखा सुटून आला तर खाली मुळं खाणारी हुमणी अळी आहे, तिथे खत-पाण्याचा उपयोग नाही.