ओढ्यातल्या दगडावर रोज विष्ठा, प्राणी कुठला? (रविवारच्या आत सांगा)

मलप्रभाकाठ
मंडळी, आमच्या ओढ्यातल्या मोठ्या दगडावर रोज सकाळी कसली तरी विष्ठा पडलेली असते. धुवून काढली तरी परत तिथंच. बाबांचं म्हणणं, हाच शेततळ्यातले मासे खातोय, रविवारी फास लावायचा. मी म्हणतोय आधी कोण ते तरी कळू दे. नेटवर शोधून वैताग आला, सगळी माहिती विलायतेतल्या जनावरांची. ओळखणाऱ्यांनी पटकन सांगा.

निपाणीकर_७२
फोटो? गाव? विष्ठा केवढी, रंग काय, आत काय दिसतं? का पत्रिका बघून सांगायचं?

जांबोटीचा_जावई
बिबट्या. आमच्या सासरवाडीला असंच झालेलं. रात्री एकटं फिरू नका.

पाणवठा
बिबट्या रोज त्याच दगडावर कशाला येईल? त्याची विष्ठा वाटेवर सापडते, आत केस आणि हाडांचे तुकडे असतात. उगाच घाबरवू नका त्यांना.

जांबोटीचा_जावई
मी स्वतः बघितलंय. तुम्ही बघितलाय का बिबट्या?

मलप्रभाकाठ
बेळगावचा खानापूर तालुका, असोग्याच्या वरच्या अंगाला. ओढा नदीला मिळतो तिथला दगड. रेंज एक कांडी असते, फोटो चढत नाही. ताजी असताना काळी, बुळबुळीत. वाळली की राखाडी होऊन बोट लावताच भुगा. आत तांबूस कवचाचे तुकडे आहेत. आता सांगा.

चंदगडी_गडी
कवच म्हणजे कुर्ल्या. मुंगूस हाय ते. साधं न्हवं, मानेवर काळा पट्टा असतंय ते मोठं. पाण्याकाठीच फिरतंय, कुर्ल्या फोडून खातंय. आमच्याकडं ढीगभर हाईत.

कॉफीप्रेमी_टिळकवाडी
उदमांजर असेल तर विष्ठा टाकू नका! त्यातल्या बियांची कॉफी परदेशात कितीला जाते माहितीये का? कोडगूत लोक धंदा करतात याचा.

निपाणीकर_७२
खानापुरात ओढ्याकाठी कॉफी कुणी लावलीय? उदमांजराच्या विष्ठेत जांभळाच्या, भेर्ल्या माडाच्या बिया निघतील. हे कवच म्हणताहेत.

पाणवठा
मलप्रभाकाठ, मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत. वास कसा आहे? आणि कवचासोबत खवले आहेत का? मला पाणमांजराचा दाट संशय आहे. नदी-ओढ्याचा संगम, पाण्यातून वर आलेला दगड, परत परत तीच जागा, ही त्याची सवय. ती घाण नसते, येणाऱ्याजाणाऱ्या पाणमांजरांसाठी निरोप असतो. म्हणूनच धुतलीत की पुन्हा येते.

असं करा. काडीने थोडी उचला (हाताने नको, जंत असतात), जुन्या चहाच्या गाळणीत घालून नळाखाली धरा. काळा गाळ निघून जातो आणि जेवण उरतं. मुंगूस खेकडे खातं हे चंदगडी_गडी यांचं बरोबर आहे, पण त्याच्या विष्ठेत किड्यांचे पंख, उंदराचे केस असंही काही सापडतं. कोल्हाही खेकडे खातो, पण त्याच्यात केस आणि बोरांच्या बिया असतात, आणि लेंडाला शेवटी पीळ असतो. निव्वळ मासे-खेकडे निघाले तर पाणमांजर.

घुबडवेडा
ती विष्ठाच नसेल कदाचित. मासेखाऊ घुबड काठावरच्या दगडावर बसतं आणि न पचलेली हाडं, कवचं गोळा करून तोंडावाटे टाकतं. वर झाडाची फांदी आहे का बघा.

चंदगडी_गडी
घुबडाची ओकारी बुळबुळीत काळी असतीया व्हय?

हालसीकर
विषय निघालाच आहे तर, गव्यांनी ऊस तुडवला तर नुकसानभरपाईला अर्ज करताना जमिनीचा उतारा लागतो. पिकाचे फोटो त्याच दिवशी काढा. लोक उशीर करतात.

मलप्रभाकाठ
गवा नाही हो इथं. ऊसही नाही.

गाळणी केली. (आईची चांगली गाळणी होती, तो विषय वेगळा.) खवले निघाले, भरपूर. खेकड्याच्या नांगीची टोकं, माशाचे काटे. केस नाही, बी नाही. वास सुकटीच्या डब्यासारखा, वर थोडा उग्र. वर फांदी नाही, उघडा दगड आहे. खाली चिखलात ठसे सापडले, पाच बोटं. शेजारीच आमच्या मोत्याचे चार बोटांचे ठसे होते म्हणून फरक लगेच कळला. रुंदी मोत्याच्या पंजाएवढी, बोटांमध्ये पडदा असल्यासारखं दिसतं.

पाणवठा
मग पाणमांजरच. घाटातल्या ओढ्यांत लहान जात असते, तिचा जोर खेकड्यांवर आणि नखं इतकी आखूड की ठशात उमटत नाहीत. तुमचा ठसा मोठा, खवलेही भरपूर, म्हणजे मोठी जात धरा. पूर्ण वाढलं की सात ते अकरा किलो, आणि कुटुंबकबिल्यासह फिरतं. एक फासात अडकवून बाकीचे थांबणार नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, फास लावला तर बाबा अडकतील. आपल्याच कर्नाटकात २०१५ साली तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा खास पाणमांजरांसाठी राखीव झालाय.

जांबोटीचा_जावई
राखीव करायला पैसे आहेत, म्हादई नदीचं पाणी इकडं आणायचं मात्र अजून कागदावरच.

निपाणीकर_७२
इथं म्हादई काढू नका. धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि मासे राहतील बाजूला.

मलप्रभाकाठ
कायदा सांगितला तर बाबा म्हणतील कायद्याला माझे मासे दिसत नाहीत का. दुसरं काहीतरी सांगा.

पाणवठा
मग खवल्यांवरूनच बघा. तळ्यात काय सोडलंय? कटला असेल तर त्याचा खवला मोठा असतो. बाबांसमोर एक मासा काढा, त्याचा खवला आणि गाळणीतला खवला शेजारी शेजारी ठेवा. गाळणीतले सगळे बारीक असतील तर तो नदीतले चिल्लर मासे खातोय, तुमचे नाही.

चंदगडी_गडी
आन् तळ्यातली बारकी पोरं खाल्ली असतील तर? बारक्या कटल्याचं खवलंबी बारीकच की.

पाणवठा
तो मुद्दा आहे. म्हणून मासे कधी सोडले तेही सांगा. तोवर तळ्याभोवती तारेची जाळी लावा, खालची कड हातभर जमिनीत पुरा, नाहीतर उकरून आत येतात. वरची कड बाहेर वाकवा, चढता येतं त्यांना. दगड मात्र धुऊ नका, तिथं काय खाल्लंय ते कळत राहील.

मलप्रभाकाठ
गेल्या पावसाळ्यात कटला आणि रोहू सोडलेले, आता पाव किलोच्या वर आहेत. गाळणीतले खवले तुरीच्या डाळीपेक्षा लहान. बाबांना दाखवले. म्हणाले फास राहू दे, पण जाळीचे पैसे तुझ्या पगारातून.

घुबडवेडा
रात्री एकदा टॉर्च घेऊन फांद्या बघायला हरकत नाही.

हालसीकर
कटल्याचं बीज कुठून आणलं? आमच्याकडं सोडलेलं निम्मं मेलं.