मदत हवी आहे: प्रिन्सिपल डिझायनरची नेमणूक आत्ताच करावी का?

लेस्टरमधील आमच्या धर्मादाय संस्थेच्या सभागृहाचे छप्पर बदलून मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. कंत्राटदार एकाहून अधिक असल्याने, ब्रिटनच्या २०१५ च्या सीडीएम नियमांनुसार (बांधकामातील आरोग्य व सुरक्षेचे नियम) प्रिन्सिपल डिझायनर (आराखड्याच्या टप्प्यावर सुरक्षेचा समन्वय पाहणारा) आणि प्रिन्सिपल कॉन्ट्रॅक्टर (प्रत्यक्ष बांधकामात तेच पाहणारा) यांची लेखी नेमणूक करणे, आणि ती न केल्यास त्यांची कर्तव्ये स्वतः पार पाडणे, ही क्लायंट (काम करून घेणारे) म्हणून आमची जबाबदारी आहे. घरगुती क्लायंटला (स्वतःच्या घराचे काम करून घेणाऱ्याला) असलेली मोकळीक आम्हाला नाही.

आर्किटेक्टना विचारले असता, कंत्राटदार ठरल्यावर पाहू, असे उत्तर आले. मला ते मुळीच पटलेले नाही, कारण त्यांच्या नकाशात ठिसूळ अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यांशेजारी ‘छपरावर जाण्याची सोय कंत्राटदाराने ठरवावी’ एवढीच टीप आहे, आणि पत्रा फुटून माणूस खाली पडू नये याचा विचार नकाशातच व्हायला हवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पाहणीचा अहवाल त्यांना दिलेला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून इमारत नियमांखाली आलेली याच नावाची भूमिका वेगळी आहे, हे ठाऊक आहे. प्रश्न सीडीएमपुरताच आहे.

नियोजन परवानगीचा अर्ज अजून केलेला नाही. आत्ता नेमणूक केल्यास, आधीच्या नकाशांतील धोक्यांचीही तपासणी व्हावी, हे नेमणूकपत्रात कसे लिहावे, आणि हेच आर्किटेक्ट ती भूमिका घेणार असतील तर त्यांचे कौशल्य व अनुभव पडताळण्यासाठी नेमके काय मागावे?